कळ, कळसूत्र आणि मॅक्रो

‘मॅक्रो’ या शब्दात एक छोटे कोडे आहे. ग्रीक भाषेत ‘माक्रोस’ म्हणजे लांब, दीर्घ. रोमन लिपीत संस्कृत लिहिताना दीर्घ स्वरावर जी आडवी रेघ देतात, तिचे ‘मॅक्रॉन’ हे नाव याच शब्दाचे. लॅटिनमधला त्याचा सोयरा ‘माकेर’ म्हणजे कृश. इंग्रजीतला ‘मीगर’ तिथून आला. लांब असते ते बारीकही असते, अशी काहीशी वाट या अर्थाने धरलेली दिसते. पण संगणकावरचा मॅक्रो करतो काय? दोनशे कळदाबांचे काम एका कळीवर आणतो. लांबलचक गोष्ट आखूड करणाऱ्याला ‘लांब’ हे नाव कसे पडले?

उत्तर जुन्या असेंब्ली भाषेत सापडते. १९५०च्या दशकात यंत्राला द्यायच्या आज्ञा एकेक करून लिहाव्या लागत. त्यांतला नेहमीचा गुच्छ एका नावाखाली बांधून ठेवला, की ते नाव लिहिताच पूर्ण गुच्छ उलगडे. अशा नावाला ‘मॅक्रो-इन्स्ट्रक्शन’, म्हणजे मोठी आज्ञा, म्हणू लागले. पुढे ‘इन्स्ट्रक्शन’ गळाले आणि विशेषणच नाम होऊन बसले. मराठीतही हे नेहमी घडते. ‘कोल्हापुरी’ म्हटले की चप्पल की रस्सा, हे संदर्भावर सोडून आपण नाम खुशाल टाकून देतो. तेव्हा मॅक्रोची लांबी त्याच्या पोटातली, ओठांवरची नव्हे. १९७६ मध्ये जन्मलेल्या ‘ईमॅक्स’ या मजकूर-संपादक प्रोग्रॅमच्या नावातला ‘मॅक्स’ही मॅक्रोंचाच, आधीच्या ‘टेको’ नावाच्या संपादकासाठी लिहिलेल्या मॅक्रोंतून तो उभा राहिला.

आमच्या कोल्हापुरात या शब्दाला दोन घरे आहेत. एक हिशेबनिसांचे आणि डीटीपीवाल्यांचे, म्हणजे एक्सेल, वर्ड आणि ‘ऑटोहॉटकी’सारख्या अवजारांचे. दुसरे घर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत. तिथे सीएनसी यंत्रावर एकाच मापाची भोके वर्तुळात पाडायची असली, की ‘जी-पासष्ट’ लिहून मॅक्रो बोलावतात. एकच शब्द कागदही सारखा करतो आणि बिडाचे ओतीवही.

आता याला मराठीत काय म्हणावे? शब्दशः जाऊ. मॅक्रो म्हणजे दीर्घ. स्क्रिप्ट म्हणजे लिहिलेला क्रम, त्याला ‘सूत्र’ म्हणायला हरकत नसावी. जोडून झाले ‘दीर्घसूत्र’, आणि ते लिहिणारा ‘दीर्घसूत्री’. इथे मात्र संस्कृत आपल्याला थांबवते. दीर्घसूत्री म्हणजे चालढकल करणारा, आजचे काम लांबणीवर टाकणारा. गीतेच्या अठराव्या अध्यायात तो तामस कर्त्याच्या लक्षणांत मोजला आहे. महाभारताच्या शांतिपर्वात तीन माशांची कथा येते. तळे आटवले जाणार याची चाहूल लागताच निघून जातो तो अनागतविधाता, ऐन वेळी युक्ती लढवून सुटतो तो प्रत्युत्पन्नमती, आणि ‘पाहू पुढे’ म्हणत जाळ्यात सापडतो तो दीर्घसूत्र. मॅक्रो लिहिणारा माणूस या तिघांतला पहिला. जे काम अजून आलेले नाही त्याची तजवीज तो आज करून ठेवतो. शब्दशः भाषांतर त्याला नेमके तिसऱ्या माशाच्या रांगेत बसवते. म्हणून हा रस्ता बंद करू आणि घरचा एक शब्द उघडू: कळ.

कळ म्हणजे खटका, चाप, यंत्रातली खुबी. ‘कळ दाबली की दार उघडते.’ पण मोल्सवर्थचा शब्दकोश उघडून बसावे तर एकाच उच्चाराखाली तीन-चार बिऱ्हाडे दिसतात. पोटात येते ती कळ. नारद लावतो ती कळ, म्हणजे भांडण. चेहऱ्यावर चढते किंवा उतरते ती कळा. शिवाय ‘कळणे’ हे क्रियापद आहेच. यांतली भांडणाची कळ ‘कलि’, ‘कलह’ यांच्या घरची असावी. यंत्रातली कळ मात्र ‘कला’पासून आली, हे बहुधा निर्विवाद. संस्कृतात कला म्हणजे आधी लहानसा अंश, सोळावा भाग. चंद्राच्या कला त्या अर्थाच्या. मग कौशल्य, हातोटी. आणि त्यानंतर एक मजेदार उडी पडलेली दिसते: हातातली हातोटी वस्तूत उतरते आणि त्या वस्तूलाच कला म्हणू लागतात. कारागिराच्या बोटांत होती ती कला, कुलपात बसली ती कळ. ही उडी एकट्या मराठीने मारलेली नाही. हिंदीत ‘कल-पुर्जे’ आणि ‘कल-कारखाने’ आहेत, गुजरातीत ‘कळ’ आहे, बंगालीत तर पाण्याच्या नळालाही ‘कल’ म्हणतात. उत्तरेकडच्या सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून यंत्राला कौशल्याचेच नाव दिले, हे मला फार मोलाचे वाटते. संस्कृत ‘यंत्र’ शब्दात ‘यम्’ धातू आहे, आवरून धरणे, जखडणे. ‘कळ’ त्या मानाने मऊ आणि माणसाळलेली.

याच कळीला फारसी ‘दार’ जोडून ‘कलदार’ झाले. कलदार रुपया म्हणजे हातोड्याने ठोकलेला नव्हे, यंत्रातून पडलेला, एकसारख्या कडांचा. टांकसाळीतल्या कारागिराच्या हाताने पडणारे नाणे दर वेळी थोडे वेगळे निघे. कलदार नाणे दर वेळी तेच. एकच कृती बिनचूक पुन्हा पुन्हा, हा मॅक्रोचा गुण, आणि त्याबद्दल लोकांना वाटणारा विश्वास या जुन्या विशेषणात अगोदरच नोंदला गेला आहे. ‘टांकसाळ’ ही ‘टंकशाला’. टंक म्हणजे छिन्नी, ठसा, नाणे. त्याच टंकावरून टाइपरायटरसाठी ‘टंकलेखन’ घडवले गेले. ‘मराठी तीस’ आणि ‘मराठी चाळीस’च्या परीक्षा देणाऱ्या पिढ्यांनी तो शब्द दुकानांच्या पाट्यांवर वाचला, पण बोलताना ‘टायपिंग’च म्हटले. पाटीवरचा शब्द आणि तोंडातला शब्द यांचे नाते असेच असते, त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

कीबोर्डला ‘कळफलक’ म्हणताना कुणीतरी चांगला कान वापरला आहे. ‘की’ म्हणजे किल्ली असे धरून ‘किल्लीफलक’ही करता आले असते. किल्ली ही ‘कील’ म्हणजे खुंटी, तिचे लाडके रूप. तिची जोडीदार चावी पोर्तुगीज ‘शाव्ही’पासून आलेली. आणि दोघी जिच्यात फिरतात ते कुलूप अरबी ‘कुफ्ल’. त्यातले फ आणि ल मराठी जिभेने अदलाबदल करून टाकले. निरुक्तकारांनी ज्याची दखल घेतली तो हा वर्णविपर्यय. याच्याकडे पुन्हा यायचे आहे, कारण कोल्हापुरातल्या मॅक्रोंनी जे सर्वात मोठे काम उपसले ते हेच.

डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षे मजकूर जमला तो श्री-लिपी, आकृती अशा फॉन्टांत. त्या काळच्या फॉन्टमध्ये अक्षर जसे दिसते तसे साठवले जाई. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून ती आधी साठवायची. युनिकोडने मात्र उच्चाराची बाजू घेतली: ‘कि’मध्ये आधी क, मग इकार. ‘स्थिती’ घ्या. जुन्या साठवणीत पहिली वेलांटी अर्ध्या ‘स्’च्याही आधी, नव्या साठवणीत ती ‘थ’च्या मागे. म्हणजे मॅक्रोने वेलांटी उचलायची, पुढचे अर्धे अक्षर ओलांडायचे, पूर्ण अक्षरही ओलांडायचे आणि मग टेकवायची. रफाराचे नेमके उलट. ‘धर्म’मधला र डोळ्यांना ‘म’च्या डोक्यावर दिसतो म्हणून मागे साठवलेला; त्याला पुढे आणायचा. ‘अर्थी’ असेल तर काना-मात्रा-वेलांटी ओलांडून आणायचा. नुसत्या शोधा-आणि-बदला यादीने हे भागत नाही. म्हणून वर्डमध्ये व्हिज्युअल बेसिकचे मॅक्रो लिहिले गेले, आणि एकाने लिहिलेला मॅक्रो पेनड्राइव्हवरून दुसऱ्याच्या दुकानात गेला. कुफ्लचे कुलूप होताना जिभेने नकळत केले, ते इथे हजारो पानांवर नियम सांगून करवून घेतले.

यातली खरी कसोटी ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांच्यात आहे. पहिले गुरुजी, दुसरे स्वयंपाकी. दुसऱ्यातला डोळ्याच्या पापणीसारखा आडवा ‘ऱ्य’ हा मराठीचा खास ऐवज. युनिकोडने त्यासाठी खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ वेगळा ठेवला. हा भेद न जाणता लिहिलेला मॅक्रो मराठीतल्या सगळ्या दऱ्या, वाऱ्या आणि कोल्हापूरच्या आसपासची सगळी गुऱ्हाळे बिघडवून ठेवतो. ज्याने नियम लिहिला त्याला व्याकरण यावे लागते, मग तो स्वतःला व्याकरणकार म्हणो वा न म्हणो.

आता दोन शब्द जोडू: कळ आणि सूत्र. ‘कळसूत्र’ मराठीत जुनाच आहे. कळसूत्र म्हणजे बाहुलीला हलवणारा दोरा. त्यावरून कळसूत्री बाहुली. ज्ञानेश्वरीच्या मराठीत बाहुलीच्या खेळासाठी ‘साइखडे’ येते. ते मागे पडले आणि कळसूत्री टिकली. घाट उतरून कुडाळकडे गेले की पिंगुळीला ठाकर कलावंतांनी हा खेळ आजही जागता ठेवला आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पिंगुळीचा कलावंत बोटांत दोरे धरतो तेव्हा प्रत्येक दोरा एकेका अवयवाचा, आणि बोटाच्या एका झटक्यात मान, हात, कंबर असे तीन अवयव ठरलेल्या क्रमाने हलतात. पडद्यावरच्या खिडक्या मॅक्रोने उघडताना, भरताना, मिटताना पाहिल्या, आणि त्या वेळी माणसाचे हात मांडीवर असले, की ‘कळसूत्र’ हाच शब्द ओठांवर येतो. बोलीतल्या कळसूत्राला कटकारस्थानाचा थोडा वास आहे खरा; पडद्यामागून कोणी सूत्रे हलवतो असे आपण म्हणतो. पण संस्कृत नाटकाचा ‘सूत्रधार’ हा त्याच दोऱ्याचा धनी असावा असे काही पंडितांचे मत आहे, आणि त्याच्यावर कुणी संशय घेत नाही.

‘सूत्र’ला दुसरे घरही आहे. एक्सेलमधल्या ‘फॉर्म्युला’ला आपण सूत्र म्हणतो आणि त्याच श्वासात पाणिनीच्या नियमालाही सूत्र म्हणतो. हा केवळ नावांचा योगायोग मानायला मी तयार नाही. पाणिनीने चौदा माहेश्वर सूत्रांतल्या वर्णांवर अशी खूण बसवली की ‘अच्’ म्हटले की सगळे स्वर आणि ‘हल्’ म्हटले की सगळी व्यंजने समोर उभी राहतात. याला प्रत्याहार म्हणतात: पहिला वर्ण आणि शेवटची खूण, मधले सारे गृहीत. आणि ती खूण स्वतः मोजणीत येत नाही. लहान नाव लिहिले की मोठा गुच्छ उलगडतो, ही मॅक्रोचीच व्याख्या. मग जवळपास चार हजार सूत्रांत सबंध भाषा का बसली, याचे नवल कमी होते आणि कौतुक वाढते.

पाणिनी दूरचा वाटत असेल तर घरातले जुने पत्र काढा. सुरुवातीला ‘सा. न. वि. वि.’ असते. ते वाचणारा ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असेच वाचतो. कुणी ‘सा-न-वि-वि’ म्हणत नाही. वयाने मोठ्या आप्ताला ‘ती.’ लिहिले की ‘तीर्थरूप’ उलगडते, मागे ‘रा. रा.’ म्हणजे ‘राजमान्य राजेश्री’. याला ‘मायना’ म्हणत, आणि तो शब्द अरबी ‘मअना’, म्हणजे अर्थ. गंमत अशी की पत्रातला जो भाग दर वेळी तोच, ज्यात नवा अर्थ काहीच नाही, त्यालाच आपण ‘अर्थ’ हे नाव दिले. कारण मानपान कुणाचा किती, हा पत्राचा पहिला अर्थ तिथेच कळत असावा. कोणाला कोणता मायना लिहायचा हे सांगणाऱ्या लेखनपोथ्यांना मेस्तक म्हणत, आणि त्यांची परंपरा हेमाडपंताच्या नावाशी जोडलेली आहे. २००३ साली आलेल्या ऑटोहॉटकीत चार अक्षरे टाइप केली की पूर्ण वाक्य उमटते अशी सोय आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्याने त्यात ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ बसवून ठेवले तर तो मेस्तकाचेच काम पुढे नेतो आहे.

मायना लिहिणारा तो कारकून, फारसीत ‘कार-कुन’, काम करणारा. तो बसे ते दफ्तर. हा शब्द ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे कमावलेले कातडे, इथून इराणमार्गे आलेला. रघुनाथपंडितांनी शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून अशा यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी दफ्तर आणि कारकून दोघेही हलले नाहीत. उलट दप्तर होऊन ते मुलांच्या पाठीवर चढले. टिकला तो एक संस्कृत शब्द मोठ्या मानाने: आज्ञापत्र. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५च्या सुमाराचे, करवीरच्या छत्रपती संभाजींच्या काळातले. आज संगणकाच्या प्रोग्रॅमला आपण ‘आज्ञावली’ म्हणतो तेव्हा तेच पद पुन्हा वापरात येते. ‘आज्ञा’मध्ये ‘ज्ञा’ धातू आहे, जाणणे. ‘आज्ञापयति’ म्हणजे मुळात जाणवून देतो, कळवतो. हुकूम करणे हा अर्थ नंतर चढलेला दिसतो.

आणि ‘कळवतो’ म्हणताच आपण पुन्हा कळीपाशी येतो. कळणे हे संस्कृत ‘कलयति’पासूनचे, मोजणे, हाकणे, जाणणे असे त्याचे अनेक अर्थ. ‘कल्’ धातूला परंपरेने कामधेनू म्हटले आहे, मागाल तो अर्थ देणारी. ‘कला’ आणि ‘कलयति’ एकाच मुळाची की केवळ सारख्या तोंडाची, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. पण मराठीने दोन्ही जवळ आणून ठेवल्या हे नक्की. पत्राच्या शेवटी ‘कळावे’ लिहायचे आणि कळफलकावर कळ दाबायची, यांत ऐकणाऱ्याला एकच नाद येतो.

राहिली दुखण्याची कळ. दिवसभर तोच माउस, तोच कोपरा, तीच चार बटणे दाबणाऱ्याच्या मनगटातून जी निघते ती. ‘रोजचे दळण’, ‘रहाटगाडगे’ हे शब्द आपण कंटाळवाण्या कामाला लावतो ते उगाच नव्हे. रहाट हा ‘अरघट्ट’. आऱ्यांना घट बांधलेले चाक. प्राकृतात अरहट्ट, मग रहाट. पाणी उपसणाऱ्या त्या चाकाला थकवा नव्हता, तो बैलाला होता. म्हणून चाकाचे काम चाकाला द्यावे, असे माझे मत. पण पुनरावृत्ती सगळीच टाकाऊ असे मी म्हणणार नाही, आणि ते कोल्हापुरात तर म्हणवतच नाही. आमच्याकडे गंगावेस आणि मोतीबागेच्या तालमी आहेत. ‘तालीम’ म्हणजे अरबीत शिकवण. मराठीने तिला कुस्तीचा आखाडा केले आणि नाटकाचा सरावही. जोर-बैठका पुन्हा पुन्हा काढल्या की त्या अंगात मुरतात. फारसी ‘पेच’, म्हणजे पिळा, आखाड्यात डाव होतो आणि उद्यमनगरात स्क्रू. दोन्हीकडे तो सरावानेच बसतो. ‘कित्ता गिरवणे’ही त्याच जातीचे. कित्ता म्हणजे अरबी ‘कितआ’, सुलेखनाचा नमुना-तुकडा. मुलाचा कित्ता मॅक्रोकडून गिरवून घेतला तर अक्षर मॅक्रोचे सुधारेल. काम करणाऱ्यात काही उरते ती तालीम, उरत नाही ते दळण, मॅक्रो दळणासाठी.

इचलकरंजीच्या बाजूला गेले तर याला आणखी एक धागा मिळतो. ‘माग’ हा शब्द कन्नड ‘मग्ग’शी जुळतो, आणि सीमेवरच्या विणकरांकडून तो आपल्याकडे आला असावा. संस्कृतात त्याच वस्तूला ‘तंत्र’ म्हणत, ‘तन्’ म्हणजे ताणणे यावरून, ताणा त्याचाच. तेव्हा तंत्रज्ञान म्हणजे मुळात मागाचे ज्ञान. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी मागाला नक्षी सांगितली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ सालचा. लिहून ठेवलेला क्रम यंत्राने वाचायचा आणि तसेच विणायचे, ही कल्पना संगणकाच्या आधी धाग्यांवर चालून गेली. सूत्र शब्दाला याहून चांगली साक्ष नको.

‘ऑटोमेशन’चा पूर्वज ग्रीक ‘आउतोमातोस’. त्याच्या उत्तरार्धात ‘मन्’ धातूचा ग्रीक भाऊ आहे, आपल्या ‘मत’, ‘मति’ यांचा आप्त. अर्थ, आपल्या मनाने चालणारे. मराठीत ‘स्वयंचलित’ने फक्त चालणे घेतले, मन सोडून दिले. पण बोलीत ‘आपसूक’ आहे. आप हा ‘आत्मन्’चा प्राकृत ‘अप्पा’, आणि पुढचा ‘सूक’ बहुधा ‘सुख’ असावा. म्हणजे आपल्या सुखाने, आपल्या मर्जीने. ग्रीकांनी मन म्हटले, आपण सुख म्हटले, दोघांनी वस्तूला मर्जी दिली. ‘फाइली आपसूक भरतात’ असे कुणी हिशेबनीस म्हणतो तेव्हा तो स्वयंचलितपेक्षा नेमके बोलत असतो.

उरले क्रियापद. कोल्हापूरकर एंटर मारतो, प्रिंट मारतो, शॉर्टकट मारतो. फेरी आणि गप्पाही मारतोच. पण मॅक्रो तयार करून देणारा म्हणतो, ‘बसवून देतो.’ पंप बसवतात, नाटक बसवतात, गणपती बसवतात. एकदा नीट बसवायचे आणि मग त्याने आपल्या जागी राहून काम करायचे, असे जिथे असते तिथे मराठी हे क्रियापद वापरते. ‘रन करणे’, ‘रेकॉर्ड करणे’ हे सर्व येऊ दे आणि राहू दे, त्यांना हाकलण्याचे कारण दिसत नाही. कळसूत्र मात्र मारू नये, बसवावे. ‘पगारपत्रकाला एक कळसूत्र बसवून द्या’ हे वाक्य राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात कुणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला ते समजावून सांगावे लागेल असे मला वाटत नाही.